बाजूची टक्कर आणि सीट कव्हरचा टाका

चाकणच्या रस्त्यांवर कंपन्या सुटल्यावर कंटेनर आणि मोटारींची जी झुंबड उडते, ती आपल्या व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. चौकात आडवे आलेले वाहन थेट दारावर आदळते. समोरून टक्कर झाली तर बॉनेटचा दोन-तीन फूट भाग चुरगळून मार खातो. बाजूला माणूस आणि धडक यांच्यात जेमतेम वीतभर जागा!

म्हणून दारात पोलादी आडवी दांडी बसवतात. मधला खांब व दाराखालचा उंबरा मजबूत करून धक्का छताकडे आणि तळाकडे वळवतात. २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलांना व २०१९ पासून जुन्यांनाही याची चाचणी सक्तीची झाली. ९५० किलोचा गाडा ताशी ५० किलोमीटर वेगाने दारावर आदळवतात. पिंपरीत बनणाऱ्या हॅरियर व सफारी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळवले, त्यातही बाजूची टक्कर होतीच.

आम्ही पडलो कापडवाले, आमचे लक्ष गेले एअरबॅगकडे. खिडकीवर उतरणारा पडदा नायलॉन ६६ च्या धाग्याचा. पुष्कळदा तो जकार्ड मागावर दुहेरी कापड म्हणून अखंड विणतात. हवेची पोकळी विणतानाच तयार होते. वर सिलिकॉनचा लेप, म्हणून हवा काही सेकंद टिकते. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्याला हे समजावायला नको.

बरगड्यांसाठीची पिशवी मात्र बहुधा पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला असते. तिथली कंपनीची शिवण मुद्दाम कमजोर असते. ती उसवून पिशवी डोळ्याचे पाते लवण्याआधी बाहेर येते.

आमच्याच रेक्झीनचे एक कव्हर मध्यंतरी पाहिले. नेमक्या त्या कडेवर दुहेरी टाका, पक्का दोरा, वर पायपिंग. कारागिरी सुरेख, पण पिशवी आतच अडकली असती! चूक कारागिराची एकट्याची नाही. माल विकताना आम्हीही काही विचारले नव्हते.

कारागीर बंधूंनी आधी सीटच्या कडेला एअरबॅगचे लेबल आहे का ते पाहावे. असल्यास गाडीचे माहितीपुस्तक वाचून घ्यावे. पुष्कळ कंपन्या अशा सीटवर कव्हर नकोच म्हणतात. अंदाजाने कच्चा टाका घालून भागत नाही, कारण तो वेळेवर उसवेल याची खातरजमा चाचणीशिवाय होत नाही.

आम्ही आता कापड मोजण्याआधी गाडीचे मॉडेल विचारतो. दोन-तीन गिऱ्हाइके कंटाळून शेजारच्या दुकानात गेली.