प्रवासातली लस्सी : दही नव्हे, पाणी पाहा

एस.टी. स्टँडवर गाडी दहा मिनिटे थांबते, ताकवाला खिडकीपाशी येतो आणि गाडीतल्या मंडळींचे दोन तट पडतात. एक म्हणतो, बाहेरचे काही घ्यायचे नाही. दुसरा म्हणतो, दहीच तर आहे, दह्याने कोणाला काय झाले आहे? वाचकहो, दोघांचेही अर्धे बरोबर आहे.

दुधाला विरजण लागले की त्यातले जंतू दुधातल्या साखरेचे आम्ल बनवतात. या आंबटपणात रोगजंतूंची वाढ सहसा होत नाही. दुधातली साखरही थोडी कमी होते, म्हणून दुधाने ज्यांचे पोट फुगते त्यांनाही ताक बहुधा सोसते. इथवर दह्याची बाजू भक्कम आहे.

पण ताकाच्या पेल्यात अर्ध्याहून जास्त पाणीच असते. ते कुठल्या नळाचे, कुठल्या पिंपातले, हे आपण विचारत नाही. आत्ताच मिसळलेल्या पाण्यातले जंतू दह्याच्या आंबटपणाने लगेच मरत नाहीत. बर्फाचेही तेच. थंडीने जंतू मरतात हा फार मोठा गैरसमज आहे. टायफॉइडचे आणि काविळीचे जंतू बर्फात जिवंत राहतात. शिवाय बाजारातला सगळाच बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासळी वगैरे ठेवण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळसर रंग द्यावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला. पोत्यात गुंडाळलेली लादी फोडून कोणी तुमच्या पेल्यात टाकू लागला, तर सरळ नको म्हणावे.

खरी गोम पुढेच आहे. जुलाब दुसऱ्या दिवशी लागले तर माणूस लस्सीला दोष देतो. पण टायफॉइडचा ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी चढतो, आणि कावीळ तर महिन्याने, कधी दीड महिन्यानेही दिसते. तोवर यात्रा विसरलेली असते. 'डॉक्टर, घरचेच खातोय, तरी डोळे पिवळे कसे?' हा प्रश्न मला दर उन्हाळ्यानंतर ऐकावा लागतो. पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईच्या जिवावर बेतू शकते. घरात गरोदर सून असेल तर प्रवासात तिच्यासाठी रस्त्यावरचे ताक, लस्सी पूर्ण वर्ज्य समजा.

मग प्यायचेच नाही का? अमृतसरला जाऊन लस्सी न पिता परत या, असे मी कोणालाही सांगणार नाही. तिथली काय, बनारसची काय, लस्सी दाट असते. जोधपूरची मखनिया लस्सी तर चमच्याने खावी लागते. पाणी कमी, म्हणून धोकाही कमी. गर्दीचे दुकान गाठा, समोर घुसळून घ्या आणि 'बरफ मत डालना' हे आधीच सांगा. बनारसच्या कुल्हडाचा एक फायदा असा, की तो एकदाच वापरून फेकतात. बादलीत बुचकळलेला पेला ओठांना लागत नाही. पितळी भांडे असेल तर आतली कल्हई पाहावी. ती उडालेली असली तर आंबटाने तांबे सुटते आणि तासाभरात उलट्या होतात.

दक्षिणेत मात्र गंमत उलटी. तमिळनाडूचे नीर मोर, कर्नाटकची मज्जिगे. आले, कढीलिंब, हिंग घातलेले हे पातळ ताक उन्हात दाट लस्सीपेक्षा कितीतरी बरे वाटते. पण ते बहुतांशी पाणीच. तिथे दुकानात थंड ठेवलेली, तारीख न उलटलेली बंद पिशवी घ्यावी. फुगलेली असेल तर परत करावी. माझा स्वतःचा रिवाज याहून सोपा आहे. हॉटेलात वाटीभर दही मागवायचे, आपल्या बाटलीतले पाणी आणि मीठ घालायचे, चमच्याने ढवळायचे. वेटर हसतो, हसू द्यावे.

बनारस, जैसलमेर, पुरी या भागांत हिरवट लस्सी किंवा थंडाई पुढे आली तर आधी विचारा. त्यात भांग असू शकते. ती पोटातून गेल्यावर तास-दीड तासाने चढते, तोवर माणूस 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरा पेला घेतो. हृदयरोग्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

मधुमेह्यांनी गोड लस्सी टाळावी, रक्तदाबवाल्यांनी ताकात मीठ कमी घालावे. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी चालू असेल तर ती ताकाबरोबर घेऊ नका. दह्यातल्या कॅल्शियममुळे गोळी अंगी लागत नाही. दोन तासांचे अंतर ठेवा.

इतके करूनही जुलाब लागलेच तर स्वच्छ पाण्याचे, चिमूटभर मीठ घातलेले पातळ ताक चालते. गोड लस्सी मात्र नको, जास्त साखरेने जुलाब वाढतात. सामानात क्षारसंजीवनीच्या, म्हणजे ओ.आर.एस.च्या दोन-तीन पुड्या असू द्या. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायची असते; पेल्यात चिमूट-चिमूट टाकून ती देऊ नका. मुलाला सहा तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा म्हातारे माणूस गुंगीत राहू लागले, तर पुढचे तिकीट काढलेले असले तरी त्याच गावात डॉक्टर गाठा.