जुन्या फोनमध्ये लिनिएजओएस टाकताय? आधी हे वाचा

माझा कॉलेजमधला फोन अजून चालू आहे. स्क्रीनला एका कोपऱ्यात तडा गेलाय, बाकी हार्डवेअर ठणठणीत. कंपनीने मात्र दोन वर्षांतच अपडेट देणं बंद केलं. सिक्युरिटी पॅच येत नाही म्हणजे नव्याने सापडलेल्या त्रुटी फोनमध्ये तशाच राहतात. म्हणून मी त्यात लिनिएजओएस टाकलं.

'पण अँड्रॉइड ओपन सोर्सच आहे ना?' हो, पण अर्धंच. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे एओएसपी, आणि त्याखालचा लिनक्स कर्नल यांचा कोड कोणीही वाचू आणि बदलू शकतं. प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस, गुगल मॅप्स यांचा कोड मात्र बंद आहे. लिनिएजओएस हे एओएसपीवर स्वयंसेवकांनी उभं केलेलं ओएस. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सायनोजेनमॉड बंद पडलं आणि त्याच कोडमधून हे पुढे आलं. यात गुगलची ॲप्स नसतात. हवी तर वेगळी टाकायची, नाहीतर एफ-ड्रॉइडवरून ओपन सोर्स ॲप्स घ्यायची.

आता मुख्य अडचण: बूटलोडर. फोन सुरू होताना हा छोटा प्रोग्राम आधी चालतो आणि ओएसवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासतो. दुसरं ओएस टाकायचं तर तो अनलॉक करावा लागतो, आणि अनलॉक करताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर चोराने तुमचा फोन घेऊन स्वतःचं ओएस टाकलं असतं आणि तुमचे फोटो बघत बसला असता!

पहिलं यश मिळाल्यावर मला जोर चढला. बाबांचा फोनही फ्लॅश केला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यासमोरून त्यांचा फोन आला, "अरे, पैसेच जात नाहीयेत." बँकेचं ॲप उघडतच नव्हतं. कारण अशी ॲप्स प्ले इंटिग्रिटीमार्फत विचारतात, की बूटलोडर लॉक आहे का, ओएस प्रमाणित आहे का. उत्तर 'नाही' आलं की ॲप दार लावून घेतं. संध्याकाळी मी गुपचूप कंपनीचं मूळ ओएस परत टाकलं. बाबा काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून ते माझ्या हातात फोन देत नाहीत.

दुसरी मर्यादाही लक्षात ठेवा. लिनिएजओएस अँड्रॉइडचा भाग अपडेट करतं. मोडेमसारख्या भागांचं फर्मवेअर कंपनीकडेच असतं, तिथे जुन्या त्रुटी राहू शकतात. म्हणजे फोन आधीपेक्षा सुरक्षित होतो, नव्यासारखा नाही.

करायचंच असेल तर:

१. लिनिएजओएसच्या अधिकृत यादीत तुमचं नेमकं मॉडेल शोधा. नाव सारखं असून मॉडेल नंबर वेगळा असेल तर ती फाइल टाकू नका, फोन कायमचा बंद पडू शकतो.

२. कंपनी बूटलोडर अनलॉक करू देते का ते बघा. काही कंपन्या देतच नाहीत.

३. फोटो, कॉन्टॅक्ट्स आणि चॅटचा बॅकअप दुसरीकडे घ्या, आणि तो उघडतोय का तेही तपासा.

४. ज्या फोनवर यूपीआय आणि बँक चालते, त्यावर प्रयोग करू नका.

माझा तो जुना फोन आता गाणी, पुस्तकं आणि प्रवासात नकाशासाठी वापरतो. बाबांचा फोन? त्याला मी हात लावत नाही.