यकृतातील लोहसंचय व त्याचे नियमन

वर्धा जिल्हा ज्या विदर्भात मोडतो, त्या प्रदेशात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष पुष्कळ कुटुंबांत आढळतो. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी शुक्ल व सोळंकी यांचा लेख १९५८ साली प्रसिद्ध झाला. या दोषाच्या, तसेच थॅलॅसेमियाच्या, ज्या रोग्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या यकृतात कालांतराने लोह साठते. प्राण वाचविणारा उपचारच अशा रीतीने दुसऱ्या व्याधीस कारण होतो.

याचे कारण असे की, शरीरास अधिक झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय नाही. आहारातून रोज एकदोन मिलिग्रॅम लोह शोषले जाते व तितकेच झडते. उलट, रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. महिन्यास दोन पिशव्या घेणाऱ्याच्या शरीरात वर्षभरात सुमारे पाच ग्रॅम लोहाची भर पडते. निरोगी प्रौढाच्या सर्व शरीरात मिळून ते तीनचार ग्रॅमच असते. साठलेले लोह प्रथम यकृतास, पुढे हृदयास व अंतःस्रावी ग्रंथींस इजा करते. यकृतात तंतू वाढून शेवटी ते कठीण होते.

युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या आनुवंशिक लोहाधिक्यावर रक्त काढणे हा उपाय आहे. परंतु मुळातच रक्त कमी असलेल्या रोग्यास तो सहसा लागू पडत नाही. त्याला लोह बांधून बाहेर नेणारी औषधे द्यावी लागतात. डेस्फेरिऑक्झमीन त्वचेखाली कित्येक तास सावकाश सोडावे लागते. डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स तोंडाने घेता येतात. पहिल्याने पांढऱ्या पेशी एकाएकी घटू शकतात, तर दुसऱ्याने मूत्रपिंड व यकृत यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून रक्ततपासणी चुकवू नये.

साधारणतः दहा ते वीस पिशव्या झाल्यावर, किंवा रक्तातील फेरिटिन लिटरमागे १००० मायक्रोग्रॅमच्या वर टिकून राहिल्यास, हे उपचार सुरू करतात. ज्वरात व दाहात फेरिटिन एरवीही वाढते. सबब एकाच आकड्यावर निर्णय करू नये. चुंबकीय प्रतिमेने यकृतातील लोह अधिक खात्रीने मोजता येते.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. सेवाग्राम येथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि रोग्यास दिलेल्या प्रत्येक पिशवीची नोंद त्याच्या घरच्या वहीत असणे, हेच नियमनाचे पहिले साधन होय. तसेच रक्तक्षय दिसला म्हणून अशा रोग्यास तपासणीवाचून लोहाच्या गोळ्या देणे योग्य नव्हे. त्याच्या ठायी उणीव रक्ताची असते, लोहाची असेलच असे नाही.