पिसांची पिशवी आणि अंगाचे माप

दर वर्षी परीक्षा आटोपल्या की आपल्या घरांतील मुलेमुली हिमालयाची वाट धरू लागली आहेत. पूर्वी आपल्याकडील माणूस उत्तरेस निघे तो बदरीकेदाराच्या दर्शनास, आणि तोही बहुधा उतारवयात. निघताना आप्तेष्टांचा निरोप घेऊन निघे, कारण परत येण्याची शाश्वती नसे. पुढे १९९८ साली सुरेंद्र चव्हाण ह्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले, २०१२ साली उमेश झिरपे ह्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोहीम तेथे यशस्वी झाली, आणि बर्फ ही गोष्ट मराठी मुलांना पूर्वीसारखी परकी राहिली नाही. ही मुले सामानाची जी यादी घरी आणतात तीत एक जिन्नस असा असतो की, ज्याविषयी आईबापांस काहीच सांगता येत नाही. तो म्हणजे स्लीपिंग बॅग, निजण्याची पिशवी. त्यातही पिसांची, वजनाने हलकी पिशवी म्हटली की किंमत हजारांच्या घरात जाते, आणि ‘महाग ती उबदार’ ह्या एकाच कसोटीवर खरेदी उरकली जाते. ही कसोटी खोटी आहे. खरी कोणती, ते येथे सांगावयाचे आहे.

तिच्यासाठी हिमालयात जाण्याचेही कारण नाही. आमचे नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्यातील गाव. मध्य प्रदेशाची हद्द येथून जवळ, शेजारी डोंगरी बुजरुकच्या मँगनीजच्या खाणी, भोवती जंगल. पौषातला पहाटेचा गारठा येथे हाडांत शिरतो. धान कापून खळ्यावर आले की राखणीस जाणारा गडी आधी जमिनीवर तणसाचा चांगला हातभर थर पसरतो, त्यावर घोंगडी टाकतो, आणि मग वाकळ पांघरून डोके आत घेतो. अंगाखालची सोय वेगळी आणि अंगावरची वेगळी, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. परंतु पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ह्याहून निराळे काही सांगितलेले नाही.

मुळात कोणतेही पांघरूण ऊब निर्माण करीत नाही. ऊब निर्माण करते ते आपले अंग. निजलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे ७० वॅट उष्णता बाहेर पडत असते. जुन्या ६० वॅटच्या दिव्याहून थोडी अधिक. पांघरुणाने एवढेच करावयाचे की, ती उष्णता लवकर निसटू द्यावयाची नाही. आणि हे काम कापूस, लोकर किंवा पिसे करीत नसून त्यांच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. आपल्या गृहिणींना हे पुरते ठाऊक असते. पिंजाऱ्याने नुकतीच पिंजून भरलेली रजई पहिल्या हिवाळ्यात उकडते, आणि चार वर्षांनी तीच रजई, तेवढ्याच वजनाची, गारठ्यात पुरी पडत नाही. कापूस कमी झालेला नसतो. दडपून बसलेला असतो. त्यातली हवा गेलेली असते. तेव्हा ऊब वजनात नसून जाडीत असते.

आता पिसांकडे वळू. येथे पीस म्हणजे दांडीचे पीस नव्हे. बदक, हंस ह्या पाणपक्ष्यांच्या छातीपोटावर वरच्या पिसांखाली जी बिनदांडीची लव असते, ती इंग्रजीत ‘डाऊन’ म्हणून ओळखली जाते. तिचा एकेक पुंजका म्हणजे एका बिंदूपासून चहूकडे फाकलेले असंख्य सूक्ष्म तंतू. मुठीत दाबला तर नाहीसा झाल्यासारखा वाटतो, मूठ उघडताच पुन्हा फुलतो. संस्कृतात ह्या लवेला ‘हंसतूल’ असा नेमका शब्द आहे. मौज अशी की, आपल्या पूर्वजांना हंसतूल आठवतो तो राजशय्येच्या मऊपणासाठी, म्हणजे अंगाखाली. आणि ऊब हा तिचा खरा गुण अंगाखाली दडपल्यावर मुळीच उरत नाही. ज्या पक्ष्याची ती लव, तो तिचा उपयोग अधिक शहाणपणाने करतो. हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांवर उतरणारा पट्टकादंब गारठ्यात पिसे फुलवून बसतो, आणि मग त्याचा आकार एकाएकी वाढल्यासारखा दिसतो. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच ह्या गिर्यारोहकाने अशाच लवेने भरलेला, बलूनच्या कापडाचा कोट शिवून नेला होता. सोबत्यांनी आधी थट्टा केली. थंडी वाढल्यावर तिचा हेवा झाला.

बाजारात ह्या लवेच्या प्रतीस एक अंक असतो. तो ‘फिल पॉवर’. एक औंस लव मोकळी सोडली असता किती घन इंच जागा व्यापते, तो हा अंक. सामान्य प्रतीची लव ५०० ते ६००, उत्तम ८०० वा त्याहून वर. येथेच ग्राहकाची पहिली फसगत होते. कारण हा अंक लवेच्या फुलण्याचा आहे, पिशवीच्या उबेचा नाही. एका पिशवीत ८०० अंकाची ३०० ग्रॅम लव आहे आणि दुसरीत ६०० अंकाची ४०० ग्रॅम. गुणाकार करून पाहावा, दोहोंचे फुललेले आकारमान सारखेच येते, ढोबळ मानाने १३८ लिटर. शिवण आणि माप सारखे असेल तर ऊबही जवळजवळ सारखीच. फरक शंभर ग्रॅम ओझ्याचा, आणि किमतीचा. दुकानदाराने ८०० हा अंक मोठ्याने सांगितला तर आपण शांतपणे ‘लव किती ग्रॅम?’ असे विचारावे. संपूर्ण पिशवीचे वजन नव्हे, आतल्या लवेचे. ह्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्याकडून माल घेऊ नये.

दुसरा अंक तपमानाचा, आणि तो अधिक घातक. माझ्या नात्यातील एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात कुलूच्या बाजूस पदभ्रमणास गेली. भाड्याने घेतलेल्या पिशवीवर उणे १० अंश असे ठळक छापलेले होते. रात्र शून्याच्या आसपासची होती, तरी पोरीला पहाटेपर्यंत हुडहुडी भरली होती आणि पावले बधिर झाली होती. बरोबरच्या वडीलधाऱ्या बाईंनी तिला गरम पाणी पाजले, कोरडे मोजे चढविले आणि आपल्याजवळ घेतले म्हणून प्रसंग निभावला. थंडीने अंगातील उष्णता उतरू लागली की आधी कापरे, मग बोलणे अडखळणे, मग झोपाळूपणा अशी पायरी लागते, आणि शेवटच्या पायरीवर माणसाला स्वतःची अवस्था कळेनाशी होते. सबब हा विषय चैनीचा नाही.

त्या पिशवीवरील आकडा तरी खोटा होता काय? असेलच असे नाही. युरोपात २००२ साली ह्या पिशव्यांच्या परीक्षेचे प्रमाण ठरले आणि २०१६ साली ते आंतरराष्ट्रीय झाले. त्यात तापविलेला पुतळा पिशवीत निजवून, अंगावर पातळ कपडे आणि खाली चटई देऊन, मोजमाप घेतात, आणि त्यावरून निरनिराळे आकडे काढतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे साधारण बांध्याची स्त्री सैलपणे निजून जेथे सुखाने झोपेल ते तपमान. ‘लिमिट’ म्हणजे साधारण पुरुष अंग आखडून जेथे कशीबशी रात्र काढील ते. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जेथे प्राणाशी गाठ आहे ते. प्रमाण स्त्री पंचवीस वर्षांची, ६० किलो वजनाची धरली आहे. पुरुष पंचवीस वर्षांचा, ७३ किलोचा. मोठ्या टाईपात ह्यांपैकी कोणता आकडा छापला आहे हे पाहिल्यावाचून त्याला अर्थ नाही. आपल्या सडपातळ मुलींनी आणि साठी उलटलेल्या आम्हां मंडळींनी ‘कम्फर्ट’ तेवढाच वाचावा, आणि त्यातही पाच अंशांची सवलत आपल्या बाजूला ठेवावी. काही पिशव्यांची अशी परीक्षा झालेलीच नसते. त्यांच्यावरील आकडा म्हणजे कारखानदाराची आशा.

शिवाय त्या मुलीची पिशवी सहा फुटी पुरुषाच्या मापाची होती आणि मुलगी पाच फूट. हाच ह्या लेखाचा गाभा आहे: पिशवी अंगाबाहेर कितीही जाड असो, आतले माप चुकले तर ऊब टिकत नाही. फार मोठ्या पिशवीत अंगाभोवती पोकळी राहते. लवेतली हवा स्थिर असते, ह्या पोकळीतली नसते. निजलेला माणूस कूस बदलतो, गुडघा उचलतो, आणि प्रत्येक हालचालीबरोबर पिशवी लोहाराच्या भात्यासारखी गळ्यापाशी गरम हवा बाहेर टाकते व गार हवा आत ओढते. पायांकडची रिकामी हातभर जागा त्या दोन पावलांनी सारी रात्र तापवावयाची असते. अशी पिशवी पदरी पडलीच तर रिकाम्या टोकास उद्याचे कोरडे कपडे कोंबावे किंवा टोक बाहेरून दोरीने आवळावे. फार तंग पिशवीचा दोष उलट आहे. खांदा, ढोपर, पायाची बोटे आतून अस्तरास रेटतात, तेवढ्या जागी लव दडपते, आणि तेथे दोन कापडांपलीकडे काही उरत नाही. पहाटे नेमकी तीच जागा गारठते. जाडजूड कोट घालून निजणाऱ्यालाही हाच अनुभव येतो; कपडे वाढविले म्हणून ऊब वाढतेच असे नाही.

म्हणून पिशवी घेताना दुकानात सरळ तीत शिरून आडवे व्हावे, लाजू नये. लोकरी बनियन अंगात असू द्यावा. टाचा टेकल्यावर बोटांपुढे चार-पाच बोटे जागा राहिली म्हणजे पुरे. हात छातीवर जुळवून पाहावे, गुडघे थोडे वर घ्यावे. कापड कोठे ताणते ते हाताला कळते. टोपीची नाडी ओढल्यावर तोंडापुरतेच छिद्र उरले पाहिजे, आणि मान वळविली तर टोपी बरोबर वळली पाहिजे. गळ्याशी लवेची गुंडाळी आहे ना, साखळीच्या आतल्या बाजूस लवेची पट्टी आहे ना, ते चाचपावे. मग बाहेर येऊन ती पिशवी तासभर मोकळी पसरून ठेवावी. गुंडाळीतून काढल्याबरोबर पाहू नये. फुलल्यावर वरच्या थराची जाडी बोटांनी मोजावी, आणि दोन-चार ठिकाणी मोजावी, कारण लव एका कडेस सरकलेली असू शकते. उजेडासमोर धरली तर रिकामे खण लगेच दिसतात. वरचे व खालचे कापड एकमेकांस थेट शिवलेले असेल तर शिवणीच्या ओळीत जाडी शून्य. ती उन्हाळी वापराची. मध्ये उभ्या जाळीच्या भिंती घालून खण केलेले असतील ती खऱ्या थंडीची.

ह्यातली कोणतीही पिशवी जमिनीवर तशीच टाकून उपयोग नाही. खालची लव अंगाच्या भाराने चपटी होणारच. तेथे आमच्या खळ्यावरचे तणसच हवे, म्हणजे फोमची किंवा हवेची जाड चटई. चटईवाचून उत्तम पिशवीही अर्धी. दुसरा शत्रू ओल. भिजलेली लव गोळा होते आणि निरुपयोगी ठरते. पाऊसच लागतो असे नाही. तोंड आत घेऊन निजणाऱ्याचा श्वासही पुरतो. १९११ साली अंटार्क्टिकात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे ऐन ध्रुवीय रात्रीत पेंग्विनची अंडी आणावयास गेले, तेव्हा त्यांच्या रेनडिअरच्या कातड्याच्या व लवेच्या पिशव्यांत घामाचे आणि श्वासाचे बर्फ साचत गेले. पाच आठवड्यांनी परतले तेव्हा पिशव्यांचे वजन दुपटीहून अधिक झालेले होते. आपल्या मुलांना एवढेच सांगावे की, नाक बाहेर ठेवून निजा, आणि दिवसा ऊन मिळताच पिशवी पालथी करून वाळत घाला.

आपल्या घरांत पिसे आणावी काय, हा प्रश्न कोणी ना कोणी काढतोच. लव बहुतेक मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांची असते. काही ठिकाणी ती जिवंत पक्ष्याची उपटली जाई, आणि त्याला बंदी करणारे ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाण २०१४ साली आले. त्याची खूण पाहून घ्यावी. रेशमी सोवळे नेसून पिसांना नाक मुरडणे मला तरी जमत नाही. रेशमाच्या किड्याचे काय होते ते सर्वांना माहीत आहे. परंतु ज्याच्या मनाला पटत नसेल त्याने कृत्रिम तंतूंची पिशवी निःशंक घ्यावी. ती तेवढ्याच उबेला जड आणि अवजड पडते, काही वर्षांत लवकर दबते; पण भिजली तरी बरीच ऊब राखते. पावसाळ्यात सह्याद्रीवर हिंडणाऱ्यांना तर तीच योग्य. नाहीतरी राजगडावर डिसेंबरात निजावयास हंसतूल लागत नाही, एक चांगली गोधडी आणि खाली चटई असली की झाले.

घरी आल्यावर ती पिशवी तिच्या चिमुकल्या खोळीत कोंबून ट्रंकेच्या तळाशी ठेवू नये. वर्षभर दडपलेली लव पुन्हा पुरती फुलत नाही. उशीच्या मोठ्या सुती अभ्र्यात सैल भरून कपाटावर ठेवावी. धुण्याची वेळ क्वचितच आणावी. धुतलीच तर सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये, ओली असताना एका टोकास धरून उचलू नये, नाहीतर आतील भिंती फाटतात. सावलीत आडवी पसरावी, आणि वाळेपर्यंत दर तासाला हाताने थोपटून आतले गोळे सोडवीत राहावे. ह्याला दोन-तीन दिवस लागतात.