बंदीच्या दिवसांत घरच्या घरी छापील मोजे

मंडळी, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला. हात रिकामे असतात, तेव्हा गमबुटात घालायच्या मोज्यांवर होडीचं नाव छापायचं काम घरात करता येतं. पण पैसे घालण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या: सुती मोजे घेऊ नका.

सब्लिमेशनची शाई तापली की तिची थेट वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. सुतात ती धरत नाही, धुतलं की रंग जातो. मोजे पांढरेच घ्या, गडद मोज्यावर छाप उठत नाही.

मोज्यात पायाच्या मापाचा पुठ्ठा घाला, म्हणजे कापड ताणलेलं राहतं. नाव आरशातल्यासारखं उलटं, सब्लिमेशनच्याच शाईने व कागदावर छापा. उष्णता सोसणाऱ्या टेपने मोज्याला चिकटवा. वर-खाली कोरा कागद ठेवून हीटप्रेसमध्ये १९० ते २०० अंशांवर साधारण एक मिनिट दाबा, मग दुसरी बाजू. खिडकी उघडी ठेवा. घरची इस्त्री नको, तिचा ताप सगळीकडे सारखा लागत नाही.

मशीन चार घरांनी मिळून घेतलं तर बरं. पहिली जोडी आपणच चार वेळा धुऊन बघू, मगच ऑर्डर घेऊ.