औषधनिर्मितीतील एकवापरी गाळण व वर्णलेखन सामग्री

लसी, इन्शुलीन, प्रतिपिंडे इ. जैव औषधांच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात द्रव गाळण्यासाठी व त्यातील इष्ट प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यासाठी वापरली जाणारी, मुख्यत्वे प्लॅस्टिकची सामग्री. ती बहुधा निर्जंतुक स्थितीतच कारखान्यात येते व एका घाण्याचे उत्पादन पुरे झाल्यावर टाकून दिली जाते. हवाबंद पुड्यांतील गाळण्या, बहुस्तरी पिशव्या, नळ्या, निर्जंतुक सांधे, अधिशोषक पटले व आधीच भरून आणलेले वर्णलेखन स्तंभ यांचा तीत समावेश होतो.

या सामग्रीचे प्रयोजन समजण्यासाठी आधीची पद्धत पाहणे आवश्यक आहे. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. अशा कारखान्यांत किण्वनाची भांडी, नळ व गाळणयंत्रे अगंज पोलादाची असतात. प्रत्येक घाण्यानंतर ती दाहक सोडा व अम्ल यांच्या विद्रावांनी धुवावी लागतात, शुद्ध पाण्याने पुनःपुन्हा खळबळावी लागतात व सु. १२१° से. तापमानाच्या वाफेने निर्जंतुक करावी लागतात. आधीच्या औषधाचा अंशही मागे उरलेला नाही, हे चाचण्यांनी सिद्ध केल्याखेरीज दुसरे औषध त्याच भांड्यात करता येत नाही. खळबळण्यासाठी लागणारे पाणी साधे नसते. अंतःक्षेपणास योग्य इतके शुद्ध पाणी ऊर्ध्वपातनाने वा व्यस्त तर्षणाने तयार केले जाते व ते करताना मूळ पाण्याचा मोठा भाग क्षारयुक्त सांडपाणी म्हणून बाहेर पडतो. एक लिटर शुद्ध पाण्यासाठी त्याहून बरेच अधिक पाणी उपसावे लागते.

ही बाब मराठवाड्यासारख्या प्रदेशात विशेष महत्त्वाची ठरते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत सु. ५ लाख लि. पाणी होते. गोदावरीकाठच्या नांदेडला विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार असला, तरी पावसाने ताण दिल्यास तेथेही पाणीकपात चुकत नाही. पोलादी पद्धतीच्या कारखान्यास जेवढे पाणी केवळ धुण्यासाठी लागते, त्यातील बराच भाग एकवापरी सामग्रीमुळे वाचतो. लातूर व नांदेड येथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये असून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९९४) आहे. शिकलेले मनुष्यबळ असताना पाण्याअभावी ज्या उद्योगाचा विचारच मागे पडतो, त्याच्या दृष्टीने ही बचत क्षुल्लक नव्हे.

गाळण : जंतू गाळून काढण्यासाठी पूर्वी अनाकाचित चिनी मातीच्या नळ्या वापरीत. शांबेरलां यांनी १८८४ मध्ये केलेली गाळणी या प्रकारची होती. पुढे ॲस्बेस्टसाच्या चकत्या आल्या परंतु त्यांचे तंतू द्रवात उतरत असल्याने त्या मागे पडल्या. आजच्या गाळणीत पॉलिईथरसल्फोनासारख्या बहुवारिकाचे सूक्ष्मरंध्री पटल घड्या घालून प्लॅस्टिकच्या कवचात बसविलेले असते. घड्यांमुळे हातात मावणाऱ्या कवचातही मोठे क्षेत्रफळ सामावते.

पेशी वाढविलेला द्रव प्रथम जाड थराच्या गाळणीतून नेतात. सेल्युलोज व डायाटमी माती यांच्या या थरात पेशींचा चोथा अडकतो. त्यानंतर अतिगाळण करतात. यात द्रव पटलावर काटकोनात न ढकलता पटलाच्या पृष्ठालगत वाहता ठेवतात, त्यामुळे साका बसून रंध्रे बुजत नाहीत. पाणी व लवणे पटलातून निघून जातात, तर मोठे रेणू मागे राहून द्रव संहत होतो. प्रतिपिंडाचा रेणुभार सु. १,५०,००० असतो व त्यासाठी ३०,००० च्या आसपासचे रेणू अडविणारे पटल पुरते. विषाणू अडविण्यासाठी सु. २० नॅनोमीटर रंध्रांची पटले असतात. कुपीत भरण्यापूर्वीची अखेरची निर्जंतुक गाळणी ०·२ मायक्रोमीटर रंध्रांची असते. पूर्वी ०·४५ मायक्रोमीटर पुरेसे मानीत. तथापि काही अतिसूक्ष्म जंतू त्यातून पार होतात असे आढळल्यावर मानक बदलले. नवी गाळणी ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा या लहान जंतूने कसाला लावतात. पटलाच्या दर चौ. सेंमी. क्षेत्रावर किमान १ कोटी जंतू सोडले, तरी पलीकडे एकही जाता कामा नये.

प्रत्यक्ष वापरातील गाळणीवर अर्थातच जंतू सोडता येत नाहीत. तिची चाचणी हवेने घेतात. पटल भिजवून एका बाजूने हवेचा दाब हळूहळू वाढवितात. बारीक रंध्रांतील द्रव केशाकर्षणामुळे घट्ट धरला जातो, तर मोठ्या छिद्रातील लवकर निसटतो. ठरलेल्या दाबाच्या आत बुडबुडे दिसले, तर पटल कोठेतरी फाटले आहे असे समजावे. इतकी साधी युक्ती इतक्या मोठ्या जबाबदारीच्या कामी यावी, हे या तंत्रविद्येतील एक लक्षणीय उदाहरण आहे.

वर्णलेखन : रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्व्हेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या स्तंभातून झिरपवून वेगळी केली, त्यावरून या पद्धतीस वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) हे नाव पडले. औषधांच्या बाबतीत वर्णाचा संबंध उरलेला नाही. स्तंभात रेझिनाचे बारीक मणी भरलेले असतात. विशिष्ट प्रथिन त्यांना चिकटते, बाकीचे वाहून जाते व मग विद्रावाची अम्लता वा लवणता बदलून चिकटलेले प्रथिन सोडवून घेतात.

येथे ‘एकवापरी’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. प्रतिपिंडे धरणारे प्रोटीन-ए युक्त रेझीन अतिशय महाग असते. ते एकदा वापरून फेकणे बहुधा परवडत नाही. धुऊन त्याच्या शंभराहून अधिक फेऱ्या घेता येतात. त्यामुळे भरून आणलेला स्तंभ पुष्कळदा एकाच औषधाच्या अनेक घाण्यांसाठी राखून ठेवतात व औषध बदलले की टाकतात. खऱ्या अर्थाने एकवापरी ठरली ती अधिशोषक पटले. यांत रेणू मण्यांच्या अंतर्भागात हळूहळू शिरत नाहीत, तर द्रवाच्या प्रवाहाबरोबरच रंध्रांच्या भिंतींपर्यंत पोहोचतात, म्हणून काम जलद होते. अखेरच्या शुद्धीकरणात उरलेला डीएनए व विषाणू काढण्यास ती सोयीची असतात.

निर्जंतुकीकरण व दोष : ही सामग्री बव्हंशी गॅमा किरणांनी, साधारणतः २५ किलोग्रे वा अधिक मात्रेने, निर्जंतुक करतात. अशा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारे आयसोमेड हे केंद्र तुर्भे येथे १९७४ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने चालविले. किरणांमुळे प्लॅस्टिकातील काही द्रव्यांचे अपघटन होते व ती औषधात झिरपू शकतात. पिशव्यांच्या पॉलिएथिलिनातील एका ऑक्सिडीकरणरोधकापासून बनणारे द्रव्य पेशींची वाढ खुंटविते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले, व त्यानंतर पुरवठादारांना प्लॅस्टिकाची घटना बदलावी लागली.

आकारमानाचीही मर्यादा आहे. पिशवीयुक्त किण्वनपात्रे बहुधा २,००० लि. पर्यंतची असतात, तर पोलादी पात्रे १०,००० लि. हून मोठी करता येतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे वोखार्ट कंपनीने किण्वापासून मानवी इन्शुलीन तयार करून ते २००३ मध्ये बाजारात आणले. वर्षानुवर्षे एकच औषध विपुल प्रमाणात करावयाचे असते, अशा ठिकाणी पोलादी संयंत्रच किफायतशीर पडते. एकवापरी सामग्रीचा लाभ होतो तो थोड्या थोड्या प्रमाणात अनेक औषधे करणाऱ्यास किंवा अल्पावधीत नवे उत्पादन उभारणाऱ्यास.

पुरवठा : या दुसऱ्या प्रकारचा प्रसंग २०२१ मध्ये आला. कोव्हिड-१९ च्या लसी एकाच वेळी अनेक देशांत होऊ लागल्याने पिशव्या, नळ्या व गाळण्यांची टंचाई निर्माण झाली. त्यांचे प्रमुख उत्पादक अमेरिका व यूरोपमधील मोजक्या कंपन्या होत. अमेरिकेने औपचारिक निर्यातबंदी घातली नव्हती. परंतु संरक्षण उत्पादन कायद्यान्वये तेथील लसउत्पादकांच्या मागण्या आधी पुरविणे बंधनकारक होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे (स्थापना १९६६) प्रमुख अदर पूनावाला यांनी १६ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून हा अडसर दूर करण्याची जाहीर विनंती केली. त्याच महिन्यात अमेरिकेने कोव्हिशील्डसाठी कच्चा माल देण्याचे मान्य केले व जूनमध्ये काही लसींपुरता हा अग्रक्रम काढून घेतला. पोलादी टाकी एकदा बसविली की ती वीस-पंचवीस वर्षे आपली असते. एकवापरी पद्धतीत मात्र कारखाना जणू दर घाण्याला नव्याने विकत घ्यावा लागतो. भारतात अंबाला येथे सूक्ष्मरंध्री पटले तयार होतात आणि काही परदेशी कंपन्यांनीही येथे उत्पादन सुरू केले आहे.

वापरलेल्या पिशव्या व गाळण्या जैविक दृष्ट्या निष्क्रिय करून बहुधा जाळून टाकतात, कारण निरनिराळ्या प्लॅस्टिकांचे परस्परांस चिकटविलेले थर वेगळे करून पुन्हा वापरणे कठीण असते. वाचलेले पाणी व वाफ हिशेबात धरल्यास एकूण ऊर्जाव्यय पोलादी पद्धतीहून कमी येतो, असा काही अभ्यासांचा निष्कर्ष आहे; मात्र तो सामग्री किती अंतरावरून आणावी लागते यावरही अवलंबून असतो.