शिफ्टचा रेट आणि महिन्याचं भाडं

मालिकेचं शूटिंग पाहायला गेलेल्या माणसाची नजर नटांवर जाते, फार तर कॅमेऱ्यावर. सेटच्या वर टांगलेल्या फळ्यांवर उभा असलेला लाइटमन त्याला दिसत नाही. त्यामुळे त्याच्या कमाईबद्दल काहीही समजुती पसरतात. हे काम शोधत गावाहून मुंबईला निघालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना त्या महागात पडतात. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

गैरसमज : दिवसाला दीड हजार, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस हजार.

वस्तुस्थिती : बहुतेक लाइटमनना महिन्याचा पगार नसतो, शिफ्टचा रेट असतो. दीड हजार हा आकडा आपण हिशेबापुरता धरू; प्रत्यक्ष रेट कामाच्या प्रकारावर आणि अनुभवावर ठरतो. तीस शिफ्टचे ४५,००० होतात हे खरं, पण बारा तासांच्या शिफ्ट महिनाभर रोज कुणाच्या शरीराला झेपणार? वीस शिफ्ट लागल्या तर ३०,०००, बाराच लागल्या तर १८,०००. मालिका चालू असते तोवर काम बऱ्यापैकी मिळतं. ती बंद पडली, किंवा सिनेमाचं शेड्यूल संपलं, की पुढचं काम लागेपर्यंत कमाई शून्य. खोलीचं भाडं मात्र त्या महिन्यातही तेवढंच. म्हणून वर्षभराच्या शिफ्ट मोजाव्यात आणि बाराने भागावं. वर्षाला २०० शिफ्ट झाल्या तर ३ लाख रुपये, म्हणजे महिन्याला २५,०००. घर चालतं ते या आकड्यावर.

नाटकाची प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याचंही असंच आहे. त्याला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक पैसे. आणि प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना लागतात.

गैरसमज : काम झालं की पैसे हातात.

वस्तुस्थिती : मुंबईच्या टीव्ही व्यवसायात कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरात. मधल्या काळात तीन वेळा भाडं भरायचं, तीन महिन्यांचा किराणा आणायचा. ज्याच्या गाठीशी काही नाही तो उसनवारी करतो, आणि व्याजाने पैसे घेतले तर ठरलेला रेट तेवढा कमी झालाच. सिने कामगारांच्या संघटनांची शिखरसंस्था असलेल्या फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजने ही मुदत कमी करण्याची मागणी केली आहे. १९ मार्च २०२० पासून करोनामुळे शूटिंग थांबलं, तेव्हा शिफ्टवर जगणाऱ्यांची नवी कमाई त्याच दिवशी थांबली. रोजचा रेट चांगला असूनही घर किती कच्च्या पायावर उभं असतं, ते तेव्हा उघड झालं.

गैरसमज : लांब राहिलं की मुंबई स्वस्त पडते.

वस्तुस्थिती : नालासोपारा-विरारला गोरेगावपेक्षा भाडं कमी, यात शंका नाही. पण कामाची ठिकाणं विखुरलेली आहेत. गोरेगावची चित्रनगरी १९७७ सालची. त्याशिवाय मढ, मीरा रोड आणि नायगावलाही सेट आहेत. आज एकीकडे काम, पुढच्या महिन्यात दुसरीकडे. शिवाय लाइटचे लोक सगळ्यांच्या आधी पोचतात आणि पॅकअपनंतर सामान उतरवून, केबल गुंडाळून निघतात. रात्री साधारण एक ते चारच्या दरम्यान लोकल नसते. तेव्हा रिक्षाला पैसे मोजायचे, नाहीतर पहिल्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसायचं. बारा तासांची शिफ्ट दाराबाहेर पडल्यापासून घरी परतेपर्यंत पंधरा-सोळा तासांची होते. वाचलेल्या भाड्याचा काही भाग असा प्रवासात जातो, आणि झोप जाते ती वेगळीच.

गैरसमज : सेटवर नाश्ता-जेवण मिळतं, मग खर्च कसला?

वस्तुस्थिती : सेटवर जेवतो तो एकटा लाइटमन. घरची चूल त्याच्याच पैशावर पेटते, आणि काम नसलेल्या दिवशी त्याचं स्वतःचं ताटही घरचंच असतं. बाहेरगावच्या शूटिंगला राहण्या-खाण्याची सोय निर्मात्याकडून होते, पण म्हणून मुंबईतल्या खोलीचं भाडं थांबत नाही.

गैरसमज : दिवे उचलायचे, त्यात कसलं कौशल्य?

वस्तुस्थिती : पाच किलोवॅटचा एक टंगस्टन दिवा २३० व्होल्टवर सुमारे २२ अँपिअर वीज ओढतो. घरातल्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो. असे अनेक दिवे लावायचे, जनरेटरच्या तिन्ही फेजवर भार सारखा वाटायचा, अर्थिंग तपासायचं, ओल्या जमिनीवरून केबल जपून न्यायची; यातली एक चूक जिवावर बेतते. एलईडीमुळे वीज आणि उष्णता कमी झाली, पण उंचीवर चढणं आणि भार सांभाळणं सुटलेलं नाही. हे शिकलेला माणूस पुढे हेड लाइटमन, गॅफर होतो आणि त्याचा रेट वाढतो. त्याला हमाल म्हणणाऱ्यालाच तो कमी पैशांत राबतो याचं काही वाटत नाही.

गैरसमज : या धंद्यात सगळं तोंडीच चालतं, कायदा लागू होत नाही.

वस्तुस्थिती : चित्रपटाच्या कामगाराशी लेखी करार करावा, ही तरतूद १९८१च्या सिने-कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ‘दृक्-श्राव्य कामगार’ असा व्यापक वर्ग आहे आणि त्यांच्यासाठीही लेखी कराराची अट आहे. तोंडी शब्दावर काम घेणं हा रिवाज असेल, नियम नव्हे.

म्हणून मुंबईला निघालेल्या प्रत्येक मुलाने रेट ऐकून थांबू नये. महिन्याला किती शिफ्ट धराव्यात? पैसे किती दिवसांनी मिळतील? बारा तासांच्या वरचे तास कसे मोजणार? रात्रीच्या पॅकअपनंतर जायची सोय काय? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. घर चालवणाऱ्या माणसाने हे विचारलंच पाहिजे. आणि निदान पहिल्या तीन महिन्यांची तजवीज करूनच गाव सोडावं. कारण पहिल्या शिफ्टचे पैसे येण्याआधी घरमालक तीनदा दारात उभा राहिलेला असेल.